देवळालीचा ताप : पहिल्या महायुद्धातील पोरसवदा शिपायांची बोली

गोदाकाठ

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीच्या लंडनमधील एका सहकाऱ्याने कामाचे बोलणे संपता संपता सांगितले की, त्याच्या घरचा पाणी तापवण्याचा बंब 'डूलॅली' झाला आहे. बंबाने ताळतंत्र सोडले आहे, एवढे संदर्भावरून कळले. हा शब्द कुठला, असे विचारल्यावर 'माझी आजी वापरायची' यापलीकडे त्याला काही सांगता आले नाही. हा शब्द माझ्या नाशिकच्या घरापासून दुचाकीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, असे मी म्हटले तेव्हा त्याला ती थट्टाच वाटली.

तो शब्द म्हणजे आपली देवळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईला उतरलेले आणि मुंबईहून मायदेशी निघालेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत मुक्कामाला असत. सैन्याची जहाजे साधारणपणे ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात चालत. ज्याची नोकरीची मुदत मार्चनंतर संपे, त्याला पुढची थंडी येईपर्यंत तिथेच दिवस काढावे लागत. कवायत नाही, काम नाही, डोक्यावर उन्हाळा, मग पावसाळा, हातात थोडेफार पैसे आणि जवळच दारू. कोणी मारामारी करून कोठडीत जाई, कोणाला हिवताप गाठे, कोणी स्वतःशीच बडबडू लागे. अशा माणसाला 'डूलॅली टॅप' झाला असे म्हणत. यातला 'टॅप' म्हणजे ताप. पुढे ताप गळून पडला आणि देवळाली तेवढी उरली.

इथवरचे अनेकांना ठाऊक असेल. मला कुतूहल आहे ते याच्या पुढच्या प्रवासाचे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा ब्रिटिश सैन्याच्या नियमित पायदळ पलटणींपैकी सुमारे तिसरा हिस्सा हिंदुस्थानात होता. त्यांतल्या बहुतेक पलटणी परत बोलावल्या गेल्या. त्याच वेळी युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत दहा लाखांहून अधिक माणसे स्वेच्छेने भरती झाली. (हेच किचनर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते.) भरतीसाठी किमान वय अठरा आणि परदेशी आघाडीवर जाण्यासाठी एकोणीस असा नियम होता, पण वय वाढवून सांगणारी मुले पुष्कळ होती आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणारे भरती अधिकारीही पुष्कळ होते. या पोरांना बंदूक धरायला शिकवले ते पुणे, मेरठ, रावळपिंडी पाहून आलेल्या जुन्या हवालदारांनी, आणि बंदुकीबरोबर त्यांनी आपली बोलीही त्यांच्या हाती दिली.

म्हणून लँकेशायरच्या सूतगिरणीतून आलेला, समुद्रही कधी न पाहिलेला अठरा वर्षांचा मुलगा सकाळी उठून 'खाकी' चढवी, पायांना 'पटी' म्हणजे आपली पट्टी गुंडाळी, 'बंडूक' साफ करी, 'रूटी' म्हणजे पाव खाई आणि 'डिक्सी'तला चहा पिई. चहालाही तो 'चार' म्हणे. काम लवकर उरकायचे तर 'जिल्डी', फुकट मिळालेली सिगारेट 'बकशी', म्हणजे बक्षिशी, सुखाची नेमणूक 'कुशी', कोठडी म्हणजे 'चोकी', रजेचा कागद म्हणजे 'चिट'. खंदकाच्या कठड्यावरून 'डेको' घेऊ नकोस, असे त्याला पहिल्याच दिवशी बजावले जाई, कारण समोरचा नेमबाज त्या एका 'देखो'चीच वाट पाहत असे.

या शब्दांची निव्वळ जंत्री करण्यात मला रस नाही. मरणाच्या तोंडाशी बसलेल्या मुलांसाठी ही बोली नेमके काय करत होती, याविषयी ज्यांनी वाचले आहे त्यांनी या धाग्यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

अनुस्वार

विषय उत्तम आहे, पण व्युत्पत्तीच्या वाटेवर खड्डे फार असतात, म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी काठी आपटून पाहतो.

'कुशी' हा आपला 'खुशी' आहे असे बहुतेक कोश मानतात आणि ते पटण्यासारखे आहे. तरीही इंग्लंडमधील रोमानी, म्हणजे जिप्सी, लोकांच्या भाषेत 'चांगले' या अर्थी 'कुश्टी' असा शब्द पूर्वीपासून होता, आणि त्याने या शब्दाला हातभार लावला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अर्थात रोमानी भाषा मुळात आपल्याकडचीच असल्यामुळे शब्द दोन्ही वाटांनी माघारी आपल्याच दाराशी येतो. याच भाषेतून इंग्रजीत 'पॅल' हा शब्द आला. एकाच गावातली, एकाच गिरणीतली किंवा एकाच शाळेतली मुले एकत्र भरती होऊन ज्या पलटणी उभ्या राहिल्या, त्यांना 'पॅल्स' म्हणत. रोमानीत याचा अर्थ भाऊ, आणि त्याचे मूळ संस्कृत 'भ्रातृ' या शब्दाशी जाऊन भिडते. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईच्या एका दिवसात ब्रिटिशांची ५७,४७० माणसे जायबंदी, बेपत्ता किंवा ठार झाली. त्यांपैकी १९,२४० मृत्युमुखी पडली. एकेका गल्लीतले भाऊ एकत्र उभे होते, त्यामुळे एकेका गल्लीत एकाच आठवड्यात कितीतरी तारा आणि पत्रे आली. भरतीच्या वेळी जी गोष्ट सोयीची वाटली होती, तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

दुसरी गोष्ट 'चॅट' या शब्दाची. शिपाई उवांना 'चॅट' म्हणत, आणि घोळक्याने बसून उवा मारताना गप्पा होत म्हणून गप्पांना 'चॅट' नाव पडले, असे समाजमाध्यमांवर दर महिन्याला कोणीतरी सांगत असते. हे चूक आहे. गप्पा या अर्थाचा शब्द त्याहून कितीतरी शतके जुना आहे. उवांसाठीचा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस चोरांच्या बोलीत आढळतो. दोघांची गाठ खंदकात पडली एवढेच.

आणि एक भेट आपल्या सर्वांसाठी. जुन्या शिपायांच्या बोलीत गडबडगोंधळाला 'बॉबरी' म्हणत. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी प्रसिद्ध केलेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात त्याचे मूळ 'बाप रे' असे दिले आहे.

डोंगरवाट

मी या युद्धावर बरीच वर्षे वाचतो आहे. गोदाकाठ यांच्या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

खंदकातली बोली सर्वांत श्रीमंत आहे ती तोफगोळ्यांच्या बाबतीत, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. नवखा मुलगा आघाडीवर आला की त्याला सगळे आवाज सारखेच वाटत आणि तो प्रत्येक आवाजाला जमिनीवर पालथा पडे. दोन-तीन आठवडे जगला तर कान तयार होत. जर्मनांच्या ७७ मिलिमीटर मैदानी तोफेचा गोळा इतक्या वेगाने येई की, सूं आणि धडाम यांच्यात श्वास घेण्याइतकीही फट नसे. त्याला 'व्हिझ-बँग' म्हणत. जड हॉविट्झर तोफेचा गोळा पडला की काळ्या धुराचा लोट उठे. त्याला 'कोळशाचा डबा' म्हणत किंवा त्या वेळचा जगज्जेता कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन याचे नाव देत. जर्मन उखळी तोफेचे लांबलचक नाव तोडून त्यांनी 'मिनी' केले. तिचा गोळा हवेत गिरक्या घेत येताना डोळ्यांना दिसे, म्हणजे पळायला दोन-तीन क्षण मिळत. ब्रिटिशांच्या स्वतःच्या उखळी तोफेचा दांड्यावर बसवलेला गोल बाँब म्हणजे 'टॉफी ॲपल'. जर्मन हातबाँबला लाकडी दांडा असे, म्हणून तो झाला बटाटे ठेचण्याची मुसळी.

ही नावे केवळ विनोदापोटी आलेली नाहीत, असे माझे मत आहे. 'मिनी!' अशी एक आरोळी आली की कोणत्या बाजूला, किती वेळात आणि किती खोल दडायचे, हे सगळे त्या दोन अक्षरांत असे. मिठाईवाल्याच्या दुकानातली नि स्वयंपाकघरातली नावे वापरल्यामुळे ती चटकन तोंडात बसत, हा त्यांचा दुसरा गुण. अठराव्या वर्षी माणसाला ज्या वस्तू ठाऊक असतात, त्या वस्तूंच्याच नावांनी त्यांनी ते युद्ध ओळखीचे करून घेतले.

गावांच्या नावांचेही तसेच. बेल्जियममधील ईप्र हे त्यांच्या जिभेवर 'वायपर्स' झाले, प्लुगस्टर्ट हे 'प्लग स्ट्रीट' झाले आणि एताप्ल येथील प्रचंड प्रशिक्षण छावणी 'ईट ॲपल्स' झाली. फ्रेंच दुकानदारीणबाई 'आता शिल्लक नाही' अशा अर्थाचे जे वाक्य बोले, त्याचा चुरा होऊन 'नापू' हा शब्द तयार झाला. आधी तो संपलेल्या जॅमसाठी वापरत, मग संपलेल्या रमसाठी, आणि मग मेलेल्या माणसासाठी. अमका कुठे आहे, नापू. मृत्यूसाठी सरळ शब्द फार क्वचित येई. 'पश्चिमेला गेला' असेही म्हणत, आणि हा वाक्प्रचार युद्धाच्या आधीपासूनचा आहे. आपण 'वारला', 'देवाघरी गेला' म्हणतो तसेच हे. फक्त इथे म्हणणारा एकोणीस वर्षांचा होता आणि गेलेला त्याच्या शेजारी झोपत असे.

दिवसाचा क्रमही सांगतो. उजाडण्याच्या सुमारे तासभर आधी सगळ्यांना संगिनी लावून कठड्याशी उभे केले जाई, कारण हल्ला बहुधा पहाटे किंवा सांजवेळी येई. उजाडले की रमचा घोट मिळे. रम दगडी बरण्यांतून येई आणि बरणीवर पुरवठा खात्याची एस. आर. डी. ही तीन अक्षरे असत. शिपायांनी त्यांचा अर्थ 'सेल्डम रीचेस डेस्टिनेशन' असा लावला होता, म्हणजे ही वस्तू ठरल्या ठिकाणी क्वचितच पोचते. मग न्याहारी, बंदुकीची तपासणी आणि दिवसभर चिखल उपसणे. दुपारी ऊन आले तर सदरा उलटा करून मेणबत्तीची ज्योत शिवणीवरून फिरवत नेणे, उवांची अंडी तडतडत जळतात ती ऐकणे, आणि दुसऱ्या दिवशी अंगाच्या उबेने राहिलेली अंडी पुन्हा फुटणे. या उवांमधून खंदकज्वर पसरतो हे १९१८ मध्ये सिद्ध झाले, तोवर युद्ध संपत आले होते.

आता सर्वांत महत्त्वाचा शब्द. आपल्या 'विलायती'चा छावणीच्या हिंदुस्थानीत 'बिलायती' झाला आणि त्याचा 'ब्लायटी'. जुन्या शिपायांसाठी त्याचा अर्थ घर, म्हणजे इंग्लंड. आपल्याकडे विलायती चिंच म्हणजे परकी चिंच. तिकडे तोच शब्द मायदेशाचे लाडके नाव झाला. खंदकात त्याला आणखी एक अर्थ चिकटला. 'ब्लायटी वन' म्हणजे अशी जखम, जी जीव घेणार नाही, कायमचे पांगळे करणार नाही, पण घरी पाठवण्याइतकी मोठी असेल. दंडातून किंवा पोटरीतून आरपार गेलेली गोळी ही उत्तम. स्ट्रेचरवरून जाणाऱ्याचे लोक अभिनंदन करत. जर्मन शिपाई यालाच 'मायभूमीची गोळी' अशा अर्थाचा 'हाइमाटशुस' हा शब्द वापरत आणि फ्रेंच शिपाई 'बॉन ब्लेस्यूर', म्हणजे चांगली जखम, असे म्हणत. तीन सैन्ये, तीन भाषा आणि मागणे एकच.

पाणंद

डोंगरवाट, प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. एक शंका आहे. अशी जखम हवीशी वाटते, हे उघड बोलणे भित्रेपणाचे मानले जात नव्हते का? आणि ज्यांच्या भाषेतले हे शब्द होते, ते आपले शिपाई याच खंदकांत असताना काय बोलत होते?

डोंगरवाट

बोलणे चालत असे, करणे चालत नसे. स्वतःच्या हाताने जखम करून घेणे हा गंभीर लष्करी गुन्हा होता आणि त्यासाठी तुरुंगवास होई. पळून जाणे, भित्रेपणा आणि तत्सम आरोपांखाली ज्यांना गोळ्या घालण्यात आल्या, अशा ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने २००६ साली माफी दिली. त्यांच्यापैकी काही कोवळ्या वयाचे होते. त्यामुळे 'ब्लायटी'ची थट्टा सर्वांसमोर करता येणे ही एक प्रकारची मोकळी वाट होती. जे मनात खदखदत असे ते हसत बोलून टाकायचे आणि पुन्हा कठड्याशी उभे राहायचे.

पण सगळेच बोलून गेले असे समजू नये. हॅरी पॅच हा खंदकात लढलेल्या ब्रिटिश शिपायांपैकी अखेरपर्यंत उरलेला माणूस. त्याला अठराव्या वर्षी सक्तीच्या भरतीत नेले. तो लुईस मशीनगनच्या तुकडीत होता. २२ सप्टेंबर १९१७ रोजी बेल्जियममधील पॅशेंडेलच्या रणधुमाळीत एक गोळा फुटून त्याचे तीन सोबती गेले आणि तो जखमी झाला. म्हणजे त्याला त्याची 'ब्लायटी वन' मिळाली. वयाची शंभरी उलटेपर्यंत तो त्याविषयी काही बोलला नाही. २००९ च्या जुलैमध्ये १११ व्या वर्षी तो वारला. तोवर सोबत्यांच्या स्मरणाचा त्याचा खरा दिवस युद्धबंदीचा ११ नोव्हेंबर हा नव्हताच, तर २२ सप्टेंबर होता. खंदकी बोलीविषयी वाचताना मला नेहमी वाटते की, ही बोली जेवढे सांगते त्याहून अधिक झाकण्यासाठी घडवलेली आहे.

अनुस्वार

पाणंद यांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी मला जे ठाऊक आहे ते लिहितो.

लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन १९१४ च्या सप्टेंबरअखेरीपासून फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरात उतरू लागल्या. त्या गेल्या मुख्यतः पंजाब, सरहद्द, गढवाल आणि नेपाळमधल्या शिपायांना घेऊन. महाराष्ट्राशी नाते सांगणारेही काही होते. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपनीने २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीबरोबर नव शापेल या गावावर हल्ला केला आणि त्यात त्यांची फार मोठी हानी झाली. सुरुंग लावणे आणि पूल बांधणे हे ज्यांचे काम, त्यांना त्या दिवशी पायदळ म्हणून पुढे घातले होते.

या शिपायांच्या पत्रांवर देखरेख ठेवण्यासाठी वेगळी कचेरी उघडण्यात आली. ती पत्रे भाषांतरित करून त्यांतले उतारे वरिष्ठांना सादर करत असे, आणि म्हणूनच ते आज वाचायला मिळतात. शिपायांना आपले पत्र कोणीतरी उघडते याची जाणीव होती. त्यामुळे त्यांनी बोलीऐवजी सांकेतिक भाषा घडवली. हिंदी शिपाई म्हणजे काळी मिरी आणि गोरे शिपाई म्हणजे लाल मिरची. काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरची वापरत आहेत, असे कोणी घरी लिही. मिरचीमसाल्याचे हे पत्र तपासनीसांना अर्थातच कळे, आणि ते तसे नोंदवूनही ठेवत. त्यांनी ते नोंदवले नसते तर आपल्यापर्यंत ते आले नसते, हा दैवाचा विनोद आहे.

एका जखमी शिपायाने घरी लिहिले आहे की हे युद्ध नव्हे, हा जगाचा अंत आहे, आणि आपल्या पूर्वजांविषयी महाभारतात जे ऐकले तसेच हे चालले आहे. इथे टॉमी, म्हणजे गोरा ब्रिटिश शिपाई, आणि आपला शिपाई यांच्यातला फरक मला जाणवतो. टॉमीने तोफगोळ्याला मिठाईचे नाव देऊन लहान केले. आपल्या माणसाने त्याला कुरुक्षेत्राएवढे मोठे केले. पण एक आहे, लिहिताना माणूस जड होतो आणि बोलताना हलका. हे शिपाई आपसांत काय बोलत, ते कोणी टिपून ठेवलेले नाही. यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते आणि पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे. आणि कारकुनासमोर कोण थट्टा सांगणार?

जखमांच्या बाबतीत त्यांच्यावर संशयही घेतला गेला. हाताला जखमा झालेले हिंदी शिपाई फार दिसतात, अशी कुजबूज १९१४ च्या हिवाळ्यात सुरू झाली. ब्रायटन येथील हिंदी शिपायांच्या इस्पितळातील कर्नल ब्रूस सीटन यांनी एक हजार जखमा तपासून पाहिल्या आणि आरोपाला आधार सापडत नसल्याचा निष्कर्ष काढला. 'ब्लायटी' हा शब्द टॉमीच्या तोंडी विनोद होता. तीच इच्छा हिंदी शिपायाच्या मनात असावी, एवढ्या तर्कावर त्याची चौकशी झाली.

कृष्णाथडी

धागा फ्रान्सकडेच वळला आहे, म्हणून मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, आठवण करून देतो, कारण मराठी शिपायाचे युद्ध प्रामुख्याने तिथे झाले. टॉमी त्या देशाला 'मेस्पॉट' म्हणत. आमच्या सातारा भागात जुनी माणसे नुसते 'बसरा' म्हणत, आणि बसऱ्याला गेला याचा अर्थ युद्धाला गेला असाच होता.

सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने गेलेली ही डिव्हिजन बगदादजवळच्या टेसिफोनहून मागे फिरली आणि तैग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कूत या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा सुमारे पावणेपाच महिन्यांचा तो वेढा होता. तिला सोडवायला निघालेल्या फौजेचीच सुमारे २३,००० माणसे मृत किंवा जखमी झाली. या फौजेत फ्रान्सच्या चिखलातून उचलून इकडे धाडलेल्या लाहोर आणि मेरठ या डिव्हिजनही होत्या.

कूतमधल्या अन्नाविषयी थोडे लिहायलाच हवे. साठा संपत आल्यावर घोडे आणि खेचरे मारून खाण्याचा हुकूम झाला. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांनी नकार दिला. त्यात धर्माचा भाग होताच, पण गावी परतल्यावर पंगतीला कोण बसवून घेईल, मुलाला मुलगी कोण देईल, ही भीती त्याहून मोठी होती. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवण्यात आल्या, तरी बरेच दिवस पुष्कळांनी हट्ट सोडला नाही. पिठाचा वाटा कमी होत गेला, भाजी मिळेना, रक्तपितीने हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. नदीकाठचा रानपाला उकडून भाजी म्हणून खाल्ला गेला आणि त्यातून काहींना विषबाधा झाली. अखेरच्या दिवसांत विमानांतून पिठाची पोती टाकण्यात आली. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद पोचवण्याचा तो जगातला अगदी सुरुवातीचा प्रयत्न मानतात. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांना मिळाली.

शरणागतीनंतर सुमारे १३,००० जण कैद झाले. वाळवंटातून पायी नेताना त्यांच्यापैकी फार लोक वाटेतच गेले. ११७ व्या मराठा पलटणीला पुढे तिच्या कामगिरीबद्दल 'रॉयल' हा किताब मिळाला.

आमच्या भागातील काही गावांच्या चावडीवर किंवा वेशीवर संगमरवरी पाटी आहे. या गावातून महायुद्धाला एवढी माणसे गेली आणि त्यांपैकी एवढ्यांनी प्राण दिले, असा इंग्रजी मजकूर तिच्यावर आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावातील ४६ जण त्या युद्धात कामी आले. ते गाव आज 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखले जाते. पाट्यांवर आकडे आहेत, नावे नाहीत. शब्द तर नाहीतच.

गोदाकाठ

कृष्णाथडी, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवले नाही.

शब्द नाहीत, हे मात्र मी पूर्ण मान्य करणार नाही. आपल्या शिपायाचे शब्द खंदकी बोलीच्या कोशांत नाहीत, कारण ते कोश टॉमीसाठी तयार झाले. ते शिल्लक आहेत ते उलट्या दिशेने. टॉमीने आपला विलायत ब्लायटी केला, तसा आपल्या शिपायाने इंग्रजांचा 'रिक्रूट' पिळून 'रंगरूट' केला. त्याला तर अर्थही चढला, कारण नव्याने रंग चढवलेला तो रंगरूट असे ऐकणाऱ्याला वाटते. 'गार्ड'चे 'गारद' आणि गारदी पेशवाईतच झाले होते; ते शनिवारवाड्यात १७७३ साली काय करून गेले हे इथे कोणाला सांगायला नको. पलटण हा शब्द तर आपण इतका घरचा केला आहे की, लग्नाला पोरांची पलटण घेऊन येणाऱ्याला तो परका आहे असे सांगितले तर तो भांडेल.

अजून एक सुचले. डिक्सी म्हणजे मोठी लोखंडी देगची. पर्शियन शब्दातून ती आली. तिच्यातच रस्सा शिजे, तिच्यातच चहा होई आणि तिच्यातच तो आघाडीवर वाहून नेत, त्यामुळे चहाला सदैव काल रात्रीच्या मांसाचा वास येई. ही तक्रार टॉमीच्या आठवणींमध्ये पुन्हा पुन्हा येते. त्याच शब्दाची आपल्या ओट्यावरची बहीण म्हणजे डेचकी. आज सकाळी आमच्या घरी तिच्यात दूध उतू गेले आणि सौभाग्यवती मला म्हणाल्या की, तुमचे त्या धाग्यातच लक्ष आहे.

कृष्णाथडी

रंगरूटावरून एक घरची गोष्ट आठवली, ती सांगून थांबतो.

माझे आजोबा ११४ व्या मराठा पलटणीत होते आणि १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये मेसोपोटेमियातल्या शर्कातच्या लढाईत होते. भरती झाले तेव्हा ते विशीच्याही आतले होते. मी त्यांना पाहिले ते म्हातारपणी, अंगणातल्या बाजेवर. युद्धाविषयी विचारले तर 'लई वाळू' एवढेच सांगत. रात्री मात्र त्यांचा एक नेम होता. दिंडी दरवाजा त्यांनीच लावायचा आणि त्यानंतर कोणीही आले, अगदी शेतावर पाणी धरून परतलेला मुलगा असला तरी, आतून ते खड्या आवाजात विचारत, 'हुकुमदार?' आम्हा पोरांना वाटे की हुकूम देणारा कोण आला आहे, असे ते विचारतात. बाहेरच्याने 'फरेंड' म्हणायचे. तसे म्हटल्याशिवाय कडी निघत नसे. माझ्या वडिलांनी, चुलत्यांनी, पुढे मीही ते म्हटले आहे, आणि आमच्यापैकी कोणालाही त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता.

कॉलेजात गेल्यावर कुठेतरी वाचले की पहारेकऱ्याने अंधारात विचारायच्या 'हू कम्स देअर' या प्रश्नाचा आपल्या शिपायांनी 'हुकुमदार' केला. तोवर आजोबा जाऊन सात-आठ वर्षे झाली होती. आईला सांगितले, तर ती म्हणाली, एकदा तुझ्या आत्याने गंमत म्हणून उत्तरच दिले नाही. मामंजी कडी न काढता दाराआड तसेच उभे राहिले, हातात मुसळ घेऊन, आणि त्यांचा श्वास बाहेर ऐकू येत होता.